दमयंतीबाईंचं ‘हं’

नगरच्या नव्या पेठेत दत्तोपंतांचा छापखाना होता आणि त्या छापखान्यात विष्णुपंत मुद्रितं तपासत. म्हणजे जुळाऱ्यानं खिळे जुळवून पहिला कागद काढला, की त्यातल्या चुका शोधायच्या, तांबड्या पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि दुरुस्त झाल्यावर पुन्हा एकदा बघायचं. काम एवढंच. पण विष्णुपंतांनी ते असं काही अंगाला लावून घेतलं होतं, की पेठेत लोक त्यांच्यासमोर कागद काढायला कचरत.

सख्ख्या मामाच्या उत्तरकार्याचं पत्र आलं, तेव्हा या गृहस्थांनी आधी त्यातल्या दोन वेलांट्या सुधारल्या आणि मग डोळ्यांतून पाणी काढलं. दमयंतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एकदा वाण्याकडची यादी लिहून दिली. संध्याकाळी यादी तांबड्या खुणांनी भरून परत आली, डाळ मात्र आली नाही. ती आणायची विष्णुपंत विसरले होते. बाईंनी त्या रात्री भाताबरोबर नुसतं ताक वाढलं आणि म्हणाल्या, “शुद्ध आहे, बघून घ्या.”

हसायचं तर खुशाल हसावं, पण माणसाच्या वेडामागं एक विचार होता. दत्तोपंत कधी वैतागून म्हणायचे, “अहो विष्णुपंत, गिऱ्हाईक भाव बघतं, वेलांटी कोण बघतो?” तेव्हा विष्णुपंत चष्मा पुसत म्हणत, “भाव मागाहून. आधी माणूस कागद बघतो. नगरचा व्यापारी काही मुंबईला जाऊन दुकानात उभा राहत नाही, त्याच्या वतीनं त्याचं पत्र उभं राहतं. त्याची गुंडीच तुटलेली असली, तर समोरचा त्याला बस म्हणेल का?” एका कापडवाल्याच्या जाहिरातीत तारीख एक आणि वार भलताच पडला होता. विष्णुपंत प्रत्येक तारीख पंचांगाशी ताडून बघायचे, म्हणून ते सापडलं. नाहीतर सगळा बाजार दुकान बंद असलेल्या दिवशी येऊन कुलूप बघून गेला असता. त्या कापडवाल्यानं त्यांना धोतरजोडी देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही, पण जोडीवरच्या चिठ्ठीतली चूक तेवढी दाखवून दिली.

आता मुद्रित तपासणं हे खरं तर दोघांचं काम. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापील कागदावर बोट फिरवत बघायचं. विष्णुपंतांना वाचून दाखवणारा माणूस होता, पण लढाई सुरू झाली आणि तो लष्करात कारकून म्हणून गेला. कागदावर सरकारचं नियंत्रण, कामं निम्म्यावर आलेली, तेव्हा दत्तोपंतांनी त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. त्याचं स्टूल तेवढं कोपऱ्यात राहिलं. विष्णुपंत पंचावन्नाच्या घरात आलेले. एकदा प्रत बघ, एकदा मुद्रित बघ, असं करताना त्यांची नजर ओळी ओलांडू लागली. आठवड्यात दोन चुका निसटल्या, तेव्हा त्यांना जेवण जाईना. मग एके दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी कागद धोतराच्या सोग्यात दडवून घरी नेले.

हे छापखान्याच्या कायद्यात बसत नव्हतं. व्यापाऱ्यांचे भाव, त्यांच्या मालाच्या याद्या, सगळं त्या कागदांत असायचं. कागद उंबऱ्याबाहेर जायचा नाही, असा दत्तोपंतांचा दंडक होता. पण दमयंतीबाई मराठी पाचवी झालेल्या, आवाज खणखणीत, आणि वाचायच्या अशा की स्वल्पविरामसुद्धा ऐकू यावा. मेथी निवडता निवडता त्या वाचत, विष्णुपंत शेजारी बसून बोट फिरवत. तीन वर्षं असं चाललं आणि या कानाचं त्या कानाला कळलं नाही. त्या तीन वर्षांत, शेवटची एक सोडली तर, चूक गेली नाही.

अडचण होती ती एका शब्दाची. त्या काळची बाई जीव देईल, पण नवऱ्याचं नाव घेणार नाही. घेतलंच तर मंगळागौरीला, उखाण्यात, तेही तोंडाला पदर लावून. आणि नवऱ्याचं नाव असं, की ते कागदोकागदी येणार. कुठं विष्णुमंदिराचा उत्सव, कुठं विष्णुछाप उदबत्ती. तिथं आल्या की दमयंतीबाई थांबत, खाली बघत आणि म्हणत, “हं.” मग पुढं, “हं-छाप उदबत्ती, पूर्णविराम.”

विष्णुपंतांना ते ‘हं’ फार आवडायचं. लग्नाला तेहेतीस वर्षं झालेली, केस पांढरे व्हायला लागलेले, तरी त्या ‘हं’ला बाईंचे कान तांबडे व्हायचे. ते बघायला विष्णुपंत दर वेळी मान वर करत. बघून घेत आणि पुन्हा बोट ओळीवर ठेवत. दिवसभरात त्यांची चैन म्हणावी तर एवढीच.

चव्वेचाळीस सालच्या दसऱ्यानंतर प्रवरेकाठच्या मोसंबीवाल्यांच्या मंडळानं एक यादी छापायला दिली. कोणत्या गावात कुणाची बाग, झाडं किती, फळ कधी तयार. पाचशे प्रती काढून मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांना टपालानं पाठवायच्या होत्या. पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर मोजकंच मिळत होतं, तेव्हा व्यापारी यादी बघूनच रस्ता ठरवणार आणि यादीतल्याच बागा बघणार. जुळणी म्हाताऱ्या गोरक्षनाथानं केली, मुद्रित विष्णुपंतांनी तपासलं. छपाई झाली, पन्नास प्रती मंडळाच्या कारकुनानं गावोगाव दाखवायला नेल्या आणि बाकीचे गठ्ठे शनिवारच्या डाकेसाठी बांधून ठेवले.

शुक्रवारी सकाळी एक बाई छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, पदर कमरेला खोचलेला. कोल्हारहून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं आली होती, त्यामुळं तोंडावर काजळी बसली होती. हातात यादीची घडी होती.

“मास्तर, ही नावं तुमीच छापलीत नव्हं?”

“आम्हीच. काय झालं, बाई?”

“समद्यांची नावं हायेत. आमचं न्हाई.”

विष्णुपंतांनी चष्मा चढवला. “नाव काय तुमचं?”

“माजं रतनबाई. पन बाग मालकाच्या नावावर हाय.”

“बरं, मालकांचं नाव सांगा.”

रतनबाईनं पदर पुढं ओढला. “आता ते कसं सांगू? देवाचं नाव हाय. गरुडावर बसतो त्यो.”

खिळ्यांच्या पेटीपाशी उभा असलेला गोरक्षनाथ फिसकन हसला. विष्णुपंतांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. “विष्णू?”

“व्हय, तेच. तुमच्या तोंडात साखर पडो.”

“आणि सासऱ्यांचं?”

“ते बी न्हाई घेत आमी. आडनाव गाडेकर. धाकल्या दिराचं नाव आलंय बगा यादीत, बन्सी पुंजाराम. त्याचं घेते मी.” आणि मग तिचा आवाज बदलला. “मालक दोन म्हयने झाले खाटंवर हायेत. हिरीत पडले, कंबार मोडली. तीनशे झाडं हायेत, मास्तर. पाच वर्सं पोरावानी पानी घातलं, ह्यो पैलाच भार. कारकुनानं चावडीत यादी वाचली, तवा मी भायेर हुबी हुते. आमचं नाव आलं न्हाई. लोक म्हनले, मानूस पडला, बाग बी गेली आसंल. घरी जाऊन त्यास्नी काय सांगू? बुधवारी येपारी येनार. नाव न्हाई त्याच्या बांधावरनं मोटार म्होरं निगून जाईल, आन फळ काय वाट बगत ऱ्हातंय व्हय?”

विष्णुपंतांनी मूळ प्रत काढली. कोल्हारच्या नावांत ओळ स्वच्छ होती: विष्णू पुंजाराम गाडेकर, झाडे तीनशे. तिच्या लगेच खाली बन्सी पुंजाराम गाडेकर. मग त्यांनी तपासलेलं मुद्रित काढलं. तिथं एकटा बन्सी होता आणि त्याच्या पुढं त्यांच्याच हातची तांबडी खूण होती.

गोरक्षनाथ जवळ आला आणि बघून पांढरा पडला. दोन्ही ओळींना बाप एक, आडनाव एक. जुळवताना त्याची नजर वरची ओळ सोडून सरळ खालच्या ओळीवर पडली होती. “पंत, माज्याच हातनं गळली,” तो म्हणाला.

“तुझ्या हातून गळायचीच,” विष्णुपंत म्हणाले. “म्हणून तर मला पगार देतात.”

पण आपल्या हातून कशी गळली? ते मुद्रितावर बोट ठेवून उभे राहिले आणि ती दुपार त्यांच्यापुढं आली. दमयंतीबाई वाचत होत्या. कोल्हारची नावं आली. बाईंनी म्हटलं, “हं, पुंजाराम गाडेकर, झाडे तीनशे.” त्या ‘हं’ला विष्णुपंतांनी नेहमीप्रमाणं मान वर केली. कान तांबडे झालेले बघितले. खाली बघितलं तोवर बाई पुढं गेल्या होत्या, “बन्सी पुंजाराम गाडेकर.” बोटाखाली बन्सी होताच. त्यांनी खूण केली.

विष्णुपंतांना लाज वाटली, अगदी कानशिलं तापली. लोकांच्या वेलांट्या काढत जन्म घालवलेला माणूस, आणि सगळी ओळ गिळून बसला. तीही कशापायी, तर बायकोचं तोंड बघण्यापायी.

दत्तोपंत आतल्या खोलीतून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो मालकाला शोभेल असा. “कुणाकडून चुकलं?”

गोरक्षनाथानं तोंड उघडलं, पण विष्णुपंत त्याच्याआधी बोलले. “माझ्याकडून. आणि सगळंच सांगतो. कागद मी घरी नेतो. तीन वर्षं झाली. घरी प्रत वाचून दाखवतात, मी तपासतो. एकट्याला आता दोन्ही कागद झेपत नाहीत.”

 दत्तोपंत तसे वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं सगळं भांडवल लोकांच्या विश्वासावर होतं. “तीन वर्षं गिऱ्हाइकांचे कागद तुमच्या माजघरात?” ते एवढंच म्हणाले आणि गठ्ठ्यांपाशी गेले. पाचशे प्रती पुन्हा छापायला कागद त्यांच्याकडं नव्हता आणि बाजारातही नव्हता. शेवटी म्हणाले, “कागदाची कात्रणं आहेत ना पडलेली? त्यावर दोन ओळींची चिठ्ठी छापा. प्रत्येक यादीवर ती चिकटवा. उद्या बाराची डाक चुकायला नको. बाईंनी काही अपराध केलेला नाही.” मग आवाज उतरवून म्हणाले, “पण विष्णुपंत, आजपासून कागद या उंबऱ्याबाहेर जायचा नाही. इथं बसून तपासा. झेपत नसेल तर सांगा. दिवाळीपर्यंत मी दुसरा माणूस बघतो.”

विष्णुपंतांनी मान हलवली. छत्तीस वर्षांची नोकरी होती. झेपत नव्हतं हे आत्ताच त्यांनी आपल्या तोंडानं कबूल केलं होतं.

रतनबाई पहाटेपासून उपाशी होती. दुपारी विष्णुपंत तिला घरी घेऊन गेले. दमयंतीबाईंनी पडवीत पान मांडलं, भाकरी वाढली, आणि जेवता जेवता रतनबाईनंच सगळं सांगितलं, मालकाच्या कमरेपासून दत्तोपंतांच्या बोलण्यापर्यंत. दमयंतीबाई ऐकत होत्या. मग आत आल्या आणि विष्णुपंतांपुढं बसल्या.

“म्हणजे माझ्या ‘हं’पायी झालं हे.”

“तुझ्या कशानं? तू वाचलंस. मी बघितलं नाही.”

“का बघितलं नाहीत? तुमची नजर तर कधी हलत नाही.”

विष्णुपंत पाटाची कड खरवडत राहिले. तेहेतीस वर्षांत हे कधी बोलायची वेळ आली नव्हती. “मी वर बघतो,” ते म्हणाले. “तू ‘हं’ म्हणतेस ना, तेव्हा. तुझ्याकडं.”

 दमयंतीबाईंचे कान तांबडे झाले, ते लपवायला त्यांनी पदर सारखा केला. मग एकदम म्हणाल्या, “चांगलं करता! त्या बाईची पाच वर्षांची झाडं, आणि आपण दोघं म्हातारपणी लाजतोय!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि राग कुणाचा करावा हे त्यांना कळत नव्हतं. त्या उठल्या, चूल विझवली, खुंटीवरचं लुगडं बदलून आल्या आणि चपला घातल्या.

“कुठं निघालीस?”

“कागद बाहेर जायचा नाही म्हणाले ना? मी आत जाते.”

भर दुपारी विष्णुपंतांच्या मागून दोन बायका नव्या पेठेतून निघालेल्या बघून दुकानदारांच्या माना वळल्या. वळोत बापड्या. दमयंतीबाई छापखान्याच्या पायरीवर क्षणभर थांबल्या, कारण त्या पायरीवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मग आत गेल्या. कोपऱ्यातलं रिकामं स्टूल त्यांनी स्वतः ओढून विष्णुपंतांच्या मेजापाशी आणलं आणि बसल्या. दत्तोपंत आतून आले ते बघतच राहिले.

“नमस्कार,” दमयंतीबाई खाली बघून म्हणाल्या. “वाचणारीनं इथं बसून वाचलं तर चालेल ना? तुमचा कागद उंबऱ्यातच राहील.”

दत्तोपंतांनी मान डोलावली. त्यांनी गोरक्षनाथाकडं बघितलं. गोरक्षनाथानं चिठ्ठीचं मुद्रित आणून विष्णुपंतांपुढं ठेवलं आणि मूळ प्रत बाईंच्या हातात दिली.

रतनबाईच्या बागेचं पुढं काय झालं, ते इथंच सांगून टाकावं, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. शुक्रवारी दुपारपासून खळीचं भांडं घेऊन सगळ्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, रतनबाईनंही. शनिवारची डाक गेली. कारकुनानं नेलेल्या पन्नास प्रतींसाठीच्या चिठ्ठ्या तीच पदरात बांधून घेऊन गेली. सगळ्या नावांच्या वर चिकटवलेलं ते एकटं नाव व्यापाऱ्यांच्या नजरेत आधी भरलं. बुधवारी त्यांची मोटार कोल्हारात पहिल्यांदा थांबली ती गाडेकरांच्या बांधावर. बागेतलं फळ गेलं, चांगल्या भावानं गेलं, आणि खाटेवरच्या विष्णूनं स्वतः तोंडानं सौदा केला.

पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. छापखान्यात यंत्र थांबलं होतं. दमयंतीबाईंनी प्रत डोळ्यांपुढं धरली आणि घसा साफ केला.

“खालील यादीत, कोल्हार गावी, स्वल्पविराम, पुढील नाव वाचावे, पूर्णविराम.”

“आहे,” विष्णुपंत म्हणाले.

पुढची ओळ आली आणि बाई थांबल्या. समोर परके पुरुष. शेजारी रतनबाई, जिला हे थांबणं सगळ्यांत जास्त कळत होतं.  विष्णुपंतांना ते बघवेना. ते हळूच म्हणाले, “हं म्हण. चालेल. मी नीट बघतो या खेपेला.”

“तुम्ही वर बघू नका,” दमयंतीबाई म्हणाल्या. “बोट ओळीवर ठेवा.”

आणि मग त्यांनी ते घेतलं. उखाणा नाही, पदर नाही, स्वल्पविराम वाचावा तशा खणखणीत आवाजात.

“विष्णू.”

“अगं बया!” रतनबाईच्या तोंडून निघून गेलं. गोरक्षनाथ उगाच पेटीतले खिळे चाळवू लागला. दत्तोपंत दारात उभे होते. ते आत गेले, आपली पाठीची खुर्ची उचलून घेऊन आले, बाईंजवळ ठेवली आणि म्हणाले, “उद्यापासून यावर बसा. स्टुलावर पाठ धरते.”

विष्णुपंतांच्या बोटाखालची अक्षरं पुसट झाली होती. चष्मा काढून पुसायला हवा होता, आणि लग्नानंतर पहिल्यांदा ज्या तोंडून आपलं नाव आलं, ते तोंड बघायला त्यांचा जीव तुटत होता. तेहेतीस वर्षांत इतका तुटला नव्हता.

“आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी वर बघितलं नाही. ओळ अजून संपायची होती.